प्रकाशाचा प्रत्याघात आणि कर्मफल

‘करावे तसे भरावे’ हे वाक्य आपल्याकडे दोन अगदी निराळ्या प्रसंगी उच्चारले जाते. लहान मुलाने कुणाची वस्तू न विचारता उचलली, तर वडील माणसे त्यास हे ऐकवितात. आणि एखाद्या घरातील तरणाताठा मुलगा गेला, वा कुणास असाध्य व्याधी जडली, म्हणजे आरतीची वाट पाहत सभामंडपात बसलेली मंडळीही आवाज खाली आणून हेच म्हणतात. शब्द तेच, परंतु पहिल्या प्रसंगी त्यांचे तोंड पुढे असते, दुसऱ्या प्रसंगी मागे. पहिल्यात कर्माकडून फलाकडे जाणे आहे, दुसऱ्यात फलावरून कर्म ताडणे आहे. पुढे जाण्याची वाट आहे त्याअर्थी त्याच वाटेने मागेही येता येईल, असे आपण सहसा गृहीत धरतो. हे गृहीत खरे काय, एवढाच प्रश्न आम्हांस येथे विचारावयाचा आहे.

त्यासाठी आम्ही वाचकांस काहीशा अनपेक्षित स्थळी नेणार आहोत. कर्त्याची क्रिया कर्त्यावर उलटते काय, उलटत असल्यास केव्हा व किती, हा प्रश्न पदार्थविज्ञानातही शंभराहून अधिक वर्षे वादाचा विषय झालेला आहे. आणि अलीकडे अतितीव्र लेसर-प्रकाश व प्लाझ्मा यांच्या गाठीतून निघणाऱ्या गॅमा किरणांनी त्या वादास प्रयोगशाळेत आणून उभे केले आहे. आमच्या ऋषींस हे सारे आधीच ठाऊक होते असे दाखविण्याचा आमचा मुळीच मानस नाही. तसले लेख उदंड निघतात. त्यांनी शास्त्राची प्रतिष्ठा वाढत नाही आणि धर्माचीही वाढत नाही. इलेक्ट्रॉनास पाप नाही, पुण्य नाही, पश्चात्तापही नाही. त्याच्यापाशी धर्माचा पुरावा मागणे म्हणजे समईस साक्षीला बोलाविणे होय. आम्हांस केवळ एका अनुमानाची परीक्षा करावयाची आहे. ते अनुमान असे की, जेथे नियम अभंग आहे तेथे प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या भोगावरून त्याचा मागचा इतिहास वाचता येतो.

गाभाऱ्यातील नंदादीप रात्रभर प्रकाश देतो, त्याची किंमत तेल देते. रात्री घातलेले तेल पहाटे पुजाऱ्यास कमी झालेले दिसते. इलेक्ट्रॉनही प्रकाश देतो. धावत्या इलेक्ट्रॉनास कुणी वळविले, हिसका दिला, मागेपुढे हेलकाविले, की तो प्रकाश बाहेर टाकतो. परंतु त्याच्यापाशी तेलही नाही आणि वातही नाही. मग तो देतो कशातून? त्याची पुंजी एकच, ती म्हणजे गती. होडीतून काठावर उडी घेतली की होडी मागे सरते, त्याप्रमाणे प्रकाश सुटताच इलेक्ट्रॉनास उलट धक्का बसतो आणि त्याची गती तेवढी उणी होते. शास्त्रज्ञ यास प्रारण-प्रतिक्रिया म्हणतात. आम्ही प्रत्याघात हा साधा शब्द वापरू.

सांगावयास हे सोपे. गणितात मांडताना मात्र मोठमोठ्यांची त्रेधा उडाली. हिसका बसलेला विद्युत्कण किती प्रकाश टाकतो याचे सूत्र जोसेफ लार्मर यांनी १८९७ मध्ये दिले. तो प्रकाश कणास मागे कसा ढकलतो याचे समीकरण अब्राहम व लोरेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले, आणि १९३८ मध्ये डिरॅक यांनी त्यास सापेक्षतावादास जुळेल असे रूप दिले. त्या समीकरणातून जे निघाले ते विलक्षण होते. एक तर इलेक्ट्रॉन कुणीही न ढकलता स्वतःच स्वतःस ढकलीत अनंत वेगाकडे धावत सुटतो. आणि हे अशक्य म्हणून वगळावे, तर धक्का पोचण्यापूर्वीच तो हलू लागतो. म्हणजे कर्माच्या आधी फल! हा ‘आधी’ अर्थातच अतिशय सूक्ष्म आहे: एकावर चोवीस शून्ये मांडून सेकंदाचे तितके भाग केले, तर त्यांतील सुमारे सहा भाग. तरीही कारणाच्या अगोदर कार्य ते कार्यच. १९४० नंतरच्या दशकात बंगळूर येथे होमी भाभा व त्यांचे तरुण सहकारी हरीशचंद्र यांनी बिंदुरूप कणांच्या याच सिद्धांतावर परिश्रम घेतले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. भाभांचे नाव अणुभट्ट्यांच्या आड झाकून गेले आहे. १९४५ मध्ये व्हीलर व फाइनमन यांनी तर निराळीच कल्पना पुढे केली. इलेक्ट्रॉन स्वतःवर आघात करीतच नाही. त्याचा प्रकाश जे कुणी ग्रहण करतात तेच त्यास उलट धक्का देतात. आणि रित्या विश्वात, घेणारा कुणी नसता, दिवा उजळणारच नाही. दान घेणाऱ्यावाचून दान घडत नाही, अशा जातीची ही कल्पना मनास मोठी भुरळ पाडते. पण भुरळ पाडणारे ते सर्वच खरे ठरत नाही. फाइनमन यांनी स्वतःच ती पुढे सोडून दिली.

हा वाद इतका काळ कागदावर राहिला याचे कारण, एरवी हा प्रत्याघात नगण्य असतो. तो जाणवावा एवढा मोठा व्हावयास प्रकाशच भयंकर तीव्र हवा. लेसरचा जन्म १९६० चा. पण त्याची शक्ती एका मर्यादेपलीकडे वाढविली की ज्या स्फटिकातून ती वाढवावयाची तोच जळू लागे. १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलंड व जेरार्ड मूरू यांनी युक्ती काढली: प्रकाशाचा स्पंद आधी लांबवावयाचा, मग सावकाश वाढवावयाचा आणि अखेरीस पुन्हा आकसून घ्यावयाचा. या युक्तीस २०१८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. असा स्पंद सेकंदाच्या अब्जांशाच्याही दहा-सहस्रांशाहून अल्प काळ टिकतो, आणि केसाहूनही बारीक जागी त्यास एकत्र आणले की तेथील वायूचे अणू उभे राहू शकत नाहीत. त्यांचे इलेक्ट्रॉन सुटे होतात व मागे अणुगर्भ उरतात. या सुट्या झालेल्या द्रव्यास प्लाझ्मा म्हणतात. जे आधीच फुटले आहे ते आणखी फुटण्याची भीती नसते. म्हणून कोणत्याही धातूस वा काचेस सोसवणार नाहीत अशी विद्युत्-क्षेत्रे प्लाझ्मा सोसतो. मांडवीतून लाँच गेली की तिच्यामागे लाट उठते, तशी प्लाझ्मातून लेसरचा स्पंद गेला की त्याच्या पाठीमागे विद्युत्-लाट उठते, आणि काही इलेक्ट्रॉन त्या लाटेवर स्वार होऊन वेग घेतात. ताजिमा व डॉसन यांनी ही कल्पना १९७९ मध्ये मांडली होती.

इंग्लंडातील रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेत जेमिनी नावाचा जोड-लेसर आहे. तेथे केलेल्या दोन प्रयोगांचे वृत्तान्त २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. योजना अशी होती. पहिल्या स्पंदाने वायूच्या फवाऱ्यात प्लाझ्मा करावयाचा आणि बोटाच्या पेराएवढ्या अंतरात इलेक्ट्रॉनांस सुमारे ५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा द्यावयाची. मग दुसरा, तितकाच प्रखर स्पंद समोरून आणून त्यांच्यावर आदळावयाचा. लेसरच्या एकेका प्रकाशकणाची ऊर्जा जेमतेम दीड इलेक्ट्रॉन-व्होल्ट, डोळ्यास दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाहूनही थोडी कमी. परंतु समोरून येणाऱ्या अशा वेगवान इलेक्ट्रॉनावर आदळून परतताना ती चाळीस लक्षपट होऊ शकते. त्यातही क्षेत्र अतितीव्र असल्याने इलेक्ट्रॉन एका वेळी अनेक प्रकाशकण गिळतो आणि एकच प्रचंड प्रकाशकण बाहेर टाकतो. येणेप्रमाणे निघालेल्या गॅमा किरणांची ऊर्जा ३ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्याही वर असल्याचे आढळले. दोन्ही स्पंदांची गाठ पडणे हेच दुर्घट असल्याने यशस्वी प्रहार मोजकेच झाले. पण ज्या प्रहारात गॅमा किरण उजळ निघाले, त्याच प्रहारात इलेक्ट्रॉन ऊर्जेने रोडावून बाहेर आले. दुसऱ्या प्रयोगात २०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टांपर्यंतचे इलेक्ट्रॉन वापरले होते. त्यांनी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ऊर्जा गमावली. वहीच्या एका पानावर जेवढी जमा, तेवढाच दुसऱ्या पानावर खर्च. देणाऱ्यास प्रत्याघात बसतो, ही गोष्ट अशी प्रत्यक्षात आली.

येथवर कर्मवादी वाचकाचे समाधान व्हावे. क्रिया कर्त्यावर उलटली, आणि पैन्‌पै उलटली. परंतु खरा विचार येथून पुढेच आहे.

इलेक्ट्रॉन प्रकाश टाकतो तो समईतील तेलाप्रमाणे अखंड धारेने टाकीत नाही. तो गठ्ठ्या-गठ्ठ्याने टाकतो. आणि कोणता गठ्ठा केव्हा सुटेल व केवढा असेल, हे आधी ठरलेले नसते. ठरलेली असते ती केवळ संभाव्यता. एकाच वेगाचे, एकाच दिशेचे, कोणत्याही कसोटीने परस्परांपासून निराळे न ओळखता येणारे दोन इलेक्ट्रॉन एकाच प्रकाशझोतात शिरतात. एक झोताच्या मंद कडेवरच लहान-लहान प्रकाशकण टाकीत दमून जातो आणि मध्यभागी पोचेपर्यंत त्याच्यापाशी फारसे उरत नाही. दुसरा काहीही न गमावता थेट झोताच्या सर्वांत प्रखर गाभ्यात पोचतो. तेथे कदाचित एकच महाप्रचंड प्रकाशकण टाकून कोलमडतो, कदाचित तेथूनही अक्षत निघून जातो. प्रत्येक वेळी ऊर्जेचा हिशेब तंतोतंत जुळतो. नियमास केसाएवढीही बगल मिळत नाही. मात्र कुणी कधी किती भरावयाचे, हे तो नियम एकेकास सांगत नाही.

ही केवळ कागदी गोष्ट आहे असे कुणास वाटेल. २०१८ चे ते दोन प्रयोग एकट्याने हा मुद्दा निकालात काढण्यास अपुरे होते, हे खरे. पण याचा पुरावा आपल्या इंदूरच्या वाचकांस आपल्याच गावात मिळेल. तेथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात लेसर व प्लाझ्मा यांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनांस वेग देण्याचे संशोधन चालतेच. त्याखेरीज इंडस-२ नावाचे वर्तुळाकार यंत्र आहे. त्याचा घेर १७२.५ मीटर असून त्यात २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टांचे इलेक्ट्रॉन फिरत राहतात. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक इलेक्ट्रॉन वळणांवर प्रकाश टाकतो आणि सरासरीने ६ लक्षांहून अधिक इलेक्ट्रॉन-व्होल्ट खर्च करतो. यंत्र ती तूट दर फेऱ्यास भरून काढते. ज्याच्यापाशी ऊर्जा अधिक तो अधिक खर्चतो, ज्याच्यापाशी उणी तो कमी. म्हणून सर्वांनी हळूहळू एका पातळीवर यावे आणि त्यांचा पुंजका आकसत आकसत नाहीसा होण्याइतका बारीक व्हावा. तसे घडत नाही. प्रकाशकण अनियमितपणे सुटत असल्याने एखादा मागे पडतो, एखादा पुढे जातो, आणि पुंजक्यास काही जाडी उरते. यंत्र बांधणाऱ्यांनी ती जाडी याच अनियमिततेवरून गणित करून काढलेली असते. नियम सर्वांस जवळ आणतो, यदृच्छा त्यांस पांगविते, आणि त्या दोहोंच्या ओढाताणीत पुंजका स्थिर राहतो.

आता अनुमानाची परीक्षा करू. समजा, झोतातून बाहेर पडलेला एकच इलेक्ट्रॉन कुणी आमच्या हाती दिला आणि त्याची उरलेली ऊर्जा तेवढी सांगितली. तो कशातून गेला हे आम्हांस सांगता येईल काय? पुष्कळ गमावून आला असेल तर तो प्रखर गाभ्यातून आला असेल, किंवा सौम्य कडेवरच त्याच्यावर प्रसंग ओढवला असेल. काहीच गमावले नसेल तर तो कदाचित सर्वांत भयंकर जागेतून आला असेल. लक्षावधी इलेक्ट्रॉनांचा एकत्र आलेख पाहिला तर झोत किती तीव्र होता हे सांगता येते, आणि प्रयोगकर्ते तेवढेच सांगतात. एकट्याच्या कपाळावर काही लिहिलेले नसते. म्हणजे जेथे प्रत्येक देवघेव नियमाने बांधलेली आहे असे निदान एक जग तरी निःसंशय आहे की, ज्यात व्यक्तीच्या भोगावरून तिचा इतिहास वाचता येत नाही. ‘नियम अभंग आहे, म्हणून भोग वाचता येतो’ हे अनुमान पडले. इलेक्ट्रॉनापासून आम्हांस एवढेच हवे होते. यापुढे त्यास आम्ही रजा देतो.

कुणी म्हणेल, तुम्हांस जे दिसत नाही ते नाहीच असे कशावरून? त्या दोन इलेक्ट्रॉनांतही काही गुप्त भेद असेल. आमच्या शास्त्रकारांनी त्यासच अदृष्ट म्हटले आहे. ही शंका पोरकट नव्हे. स्वतः आइन्स्टाइन यांस तसे वाटत असे. कणांनी आपल्याबरोबर गुप्त आज्ञापत्रे वागविली असावीत, या कल्पनेची परीक्षा कशी घ्यावी हे जॉन बेल यांनी १९६४ मध्ये दाखविले. तशा परीक्षा झाल्या आणि त्यांबद्दल तिघा शास्त्रज्ञांस २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्याचे त्याच्यापाशी असणारे साधे आज्ञापत्र टिकत नाही, असा त्यांचा निर्वाळा आहे. पण तो वाद आम्ही ताणीत नाही. अदृष्ट आहे असे क्षणभर मानू. मग त्याचे नावच अदृष्ट आहे, हे तरी मानाल ना? जे दिसत नाही म्हणून ज्यास ते नाव मिळाले, ते शेजाऱ्याच्या घरात आपणास स्पष्ट दिसते असे म्हणणारा कर्मसिद्धान्तावर श्रद्धा ठेवीत नसून त्या सिद्धान्ताचा एक शब्द खोटा पाडीत असतो.

आणि हा सिद्धान्त उभा केला गेला तो कशासाठी? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात हा विषय आला आहे. जगात कुणी सुखी, कुणी दुःखी. तर मग जग निर्माण करणारा ईश्वर पक्षपाती व निर्दय ठरत नाही काय, असा तेथे आक्षेप आहे. ईश्वर प्राण्यांच्या धर्माधर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो, म्हणून वैषम्य व नैर्घृण्य हे दोष त्याच्याकडे येत नाहीत, असे उत्तर दिले आहे. आणि भाष्यात आचार्यांनी पर्जन्याचा दाखला दिला आहे, की पाऊस सर्वांस सारखा, पिकांतील भेद बीजांचा. या उत्तराने सर्वांचे समाधान होते असे नव्हे. पण त्याचा रोख कोणीकडे आहे ते पाहावे. ईश्वरावरील आरोप दूर करण्यासाठी ते दिलेले आहे. दुःखी माणसावर आरोप ठेवण्यासाठी नव्हे. देवाच्या बचावासाठी घडविलेले हत्यार आपण पिढ्यान्‌पिढ्या दुबळ्या माणसावर चालवीत आलो.

किती चालविले, याची आठवण ठेवणे बरे. नवऱ्याच्या मृत्यूचे कारण त्याच्या कोवळ्या पत्नीच्या पूर्वजन्मात शोधले गेले, आणि केशवपन करून तिला माजघराच्या अंधारात बसविले गेले. महारोग्याच्या झडलेल्या बोटांत लोकांनी त्याचे पातक वाचले, आणि त्याची जागा देवळाच्या बाहेर, पायऱ्यांच्या तळाशी ठरवून टाकली. त्या रोगाचा जंतू नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ मध्ये पाहिला. त्या जंतूच्या सहवासात आलेल्या बहुसंख्य माणसांस रोग होतच नाही, थोड्यांस होतो. १९८१ पासून अनेक औषधांच्या एकत्र उपचाराची शिफारस झाली आणि रोग पुरता बरा होऊ लागला. इतके असूनही त्या माणसांस वाचून काढण्याची आमची सवय औषधाइतक्या वेगाने गेली नाही. बाबा आमटे यांनी वरोड्याजवळ आनंदवन वसविले ते जंतूंशी लढण्यापुरतेच नव्हे. त्या वाचनाशीही त्यांस लढावे लागले.

एक आक्षेप मात्र आम्हांस खरोखर वजनदार वाटतो. फलावरून कर्म ताडू नये असे एकदा म्हटले, की कर्माचा धाक सुटतो. मग मुलास ‘करावे तसे भरावे’ हे तरी कोणत्या तोंडाने सांगावयाचे? आमचे उत्तर असे की, पुढे पाहणारे वाक्य मुळीच ढिले झालेले नाही. झोत तीव्र केला की प्रत्याघात वाढतो, यात संशय नाही. कुणावर किती हे सांगता येत नाही एवढेच. खोटे बोलण्याने विश्वास जातो, व्यसनाने शरीर जाते, लाचेने संस्था पोखरते. हे सांगावे, आणि ठासून सांगावे. क्रियमाण कर्म आपल्या हाती आहे, त्याविषयी प्रत्येकाने स्वतःस कितीही कठोरपणे विचारावे. दुसऱ्याचे प्रारब्ध ही आपल्या वाचनाची वस्तू नाही. आणि स्वतःचे? ज्यास आपले दुःख पूर्वकर्माचे मानून धीर येतो, त्याचा धीर काढून घेण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु लेकरू गमावलेली आई ‘माझेच काही पाप असेल’ असे म्हणते तेव्हा ती धीर धरीत नसते. गावाने तिच्याविषयी जे म्हटले असते तेच ती गावाच्या आधी स्वतःस म्हणून घेत असते.

अशा घरी सुतकाच्या दिवसांत गरुडपुराण लावण्याची आपल्याकडे चाल आहे. त्यात कोणत्या पापाने कोणती व्याधी, कोणती योनी, याची वर्णने येतात, आणि ती ऐकावयास नेमकी तीच माणसे बसलेली असतात ज्यांच्या घरात ती व्याधी नुकतीच येऊन गेली आहे. पुराणिकबुवा पोथी उघडण्यापूर्वी संकल्प सांगतात, गोत्र व नाव विचारतात. त्याच वेळी त्यांनी आणखी दोन वाक्ये सांगावीत: पुढील वर्णने ज्यांस अद्याप कर्म करावयाचे आहे त्यांच्यासाठी आहेत; या घरातून जो गेला त्याच्याविषयी या पोथीत काहीही लिहिलेले नाही. हे सांगावयास अर्धा मिनिटही लागणार नाही. आमच्या परिचयाच्या काही पुराणिकांपाशी आम्ही ही गोष्ट काढली. एकाने ती तत्काळ मानली. दुसऱ्याने, यजमान रागावतील, असे म्हटले. यजमान का रागावतील, ते मात्र त्यास सांगता आले नाही.